‘नानजिंग घडलंच नाही’ म्हणणारे जपानी आणि त्यांना खोटं पाडणारे जपानी

ऑगस्ट २०२५ च्या शेवटी पंतप्रधान मोदी आधी जपानला गेले आणि तिथूनच पुढे चीनला, तिआनजिनच्या परिषदेला. परिषद आटोपली आणि दोन दिवसांनी, ३ सप्टेंबरला, बीजिंगमध्ये जपानवरच्या विजयाची ८० वर्षं म्हणून भलंमोठं लष्करी संचलन झालं. अशा बातम्या आल्या की हमखास विचारलं जातं: इतकी वर्षं उलटली, दोन्ही देशांत प्रचंड व्यापार चालतो, मग हे भांडण मिटत का नाही? समाजमाध्यमांवर याची दोन तयार उत्तरं फिरतात. एक, जपानने कधी माफीच मागितली नाही. दुसरं, हा सगळा चिनी सरकारचा प्रचार आहे. दोन्ही उत्तरं चूक आहेत.

चीनमध्ये जपानी सैन्याने केलेले अत्याचार नाकारणारे लोक जपानमध्ये आहेत. त्यांत मंत्री होते, महापौर होते, हवाई दलाचे प्रमुखही होते. पण त्या अत्याचारांचे काही सर्वांत पक्के पुरावे शोधून काढले तेही जपानी माणसांनीच, आणि त्यांतले काही जण तर आरोप खोडून काढायलाच निघाले होते. हा वाद जितका चीन आणि जपानमधला आहे तितकाच जपानच्या घरातला आहे. तो नीट कळावा म्हणून मुख्यतः नानजिंग या एका शहराबद्दल बोलू, कारण वादाचा सगळा भार तिथेच येऊन पडतो.

नानजिंगमध्ये काय झालं होतं?

जुलै १९३७ मध्ये चीन आणि जपानमध्ये युद्ध पेटलं. ऑगस्टपासून तीन महिने शांघायसाठी लढाई चालली आणि तिथे जपानचे अपेक्षेपेक्षा फार जास्त सैनिक मारले गेले. नोव्हेंबरमध्ये शांघाय हाती येताच जपानी फौजा नानजिंगकडे, म्हणजे तेव्हाच्या चिनी राजधानीकडे, धावत सुटल्या. रसद मागे राहिली. वाटेतल्या गावांतून धान्य आणि जनावरं ओरबाडत सैन्य पुढे सरकलं. १३ डिसेंबर १९३७ ला नानजिंग पडलं.

चिनी सेनापती आदल्या रात्रीच यांगत्झी ओलांडून निघून गेले होते. मागे अडकलेल्या हजारो सैनिकांना नदी पार करायला पुरेशा होड्या नव्हत्या. कित्येकांनी गणवेश टाकून साधे कपडे चढवले आणि नागरिकांच्या गर्दीत मिसळले. पुढचे साधारण सहा आठवडे जे चाललं त्याला नानजिंगचं हत्याकांड म्हणतात. शरण आलेल्या कैद्यांना जथ्याजथ्याने नदीकाठी नेऊन मशिनगनने मारलं गेलं. तळहाताला घट्टे दिसले, कपाळावर टोपीचा वळ दिसला, की हा सैनिक असणार असं ठरवून तरुणांना उचलून नेलं जाई. घरं लुटली, जाळली गेली. हजारो बायकांवर बलात्कार झाले.

शहरात मूठभर परदेशी माणसं मुद्दाम थांबली होती. सीमेन्स कंपनीचे जर्मन प्रतिनिधी जॉन राबे, गिनलिंग महिला महाविद्यालयाच्या मिनी वॉट्रिन, धर्मोपदेशक जॉन मॅगी, शल्यचिकित्सक रॉबर्ट विल्सन. त्यांनी जेमतेम चार चौरस किलोमीटरचा ‘सुरक्षित विभाग’ आखला आणि त्यात दोन लाखांच्या आसपास माणसांना आसरा दिला. राबे नाझी पक्षाचे सदस्य होते, म्हणजे जपानच्या मित्रराष्ट्राचे माणूस. जपानची बदनामी करण्यात त्यांचा काही फायदा नव्हता. तरीही त्यांच्या रोजनिशीत पानामागून पान हेच आहे. मॅगींनी इस्पितळातल्या जखमींचं चित्रीकरण करून ठेवलं. ही मंडळी जपानी दूतावासाकडे सतत लेखी तक्रारी देत होती. तोक्योत परराष्ट्र खात्याच्या पूर्व आशिया विभागाचे प्रमुख इतारो इशिई यांनी ६ जानेवारी १९३८ च्या रोजनिशीत शांघायहून आलेल्या पत्राबद्दल लिहिलं आहे: नानजिंगमध्ये आपल्या सैन्याने केलेली लूट आणि बलात्कार, पाहवणार नाही अशी अवस्था.

म्हणजे ही कहाणी युद्ध हरल्यावर जेत्यांनी रचली, असं म्हणायला जागाच राहत नाही. युद्ध ऐन भरात असताना, जपान जिंकत असताना, जपानच्या स्वतःच्या परराष्ट्र खात्याला ती माहीत होती.

मग नाकारतं कोण?

जपानमध्ये या विषयावर ढोबळमानाने तीन मतं आहेत. मोठं हत्याकांड झालं आणि मृतांची संख्या एक लाखाच्या वर जाते, असं मानणारे इतिहासकार. तोकुशी कासाहारा हे त्यांतलं ठळक नाव. हत्याकांड झालंच पण संख्या बरीच कमी, असं मानणारे. इकुहिको हाता यांनी साधारण ४० हजारांचा अंदाज मांडला. आणि तिसरे, असं काही घडलंच नाही किंवा जे झालं ती नेहमीची युद्धातली हानी होती, असं म्हणणारे. या तिसऱ्या गटाला या लेखात ‘नाकारणारे’ म्हणू. इतिहास संशोधनाच्या वर्तुळात त्यांचं वजन नगण्य आहे. राजकारणात आणि पुस्तकांच्या दुकानात मात्र ते पुष्कळ आहे.

सरकारची अधिकृत भूमिका या तिसऱ्या गटाची नाही, हे आपल्याकडे फारच थोड्यांना ठाऊक असतं. जपानचं परराष्ट्र खातं सांगतं की १९३७ मध्ये नानजिंगमध्ये शिरल्यावर सैन्याने नागरिकांना मारलं, लूटमार केली हे नाकारता येत नाही. मात्र बळींची नेमकी संख्या ठरवणं अवघड आहे. मे १९९४ मध्ये न्यायमंत्री शिगेतो नागानो यांनी हत्याकांड ही बनवाबनवी असल्याचं विधान केलं आणि काही दिवसांत त्यांना पद सोडावं लागलं. २००८ मध्ये हवाई दलप्रमुख तोशिओ तामोगामी यांनी जपानने चीनवर आक्रमण केलं नव्हतं अशा आशयाचा निबंध लिहिला आणि पद गमावलं. पण २०१२ मध्ये नागोयाचे महापौर ताकाशी कावामुरा नानजिंगहून आलेल्या पाहुण्यांच्या तोंडावरच तिथे फक्त नेहमीची लढाई झाली असं म्हणाले, शब्द मागे घेतले नाहीत, आणि पुढे निवडूनही आले.

“आकडाच ठरत नाही, मग घटना खरी कशी मानायची?”

नाकारणाऱ्यांचं हे सगळ्यात आवडतं हत्यार आहे. तोक्योच्या आंतरराष्ट्रीय लष्करी न्यायाधिकरणाने १९४८ च्या निकालात दोन लाखांहून अधिक मृत्यू म्हटले. नानजिंगमध्ये चाललेल्या चिनी खटल्याने तीन लाखांहून अधिक म्हटले, आणि तोच आकडा नानजिंगच्या स्मारकावर कोरला आहे. जपानी अभ्यासकांचे अंदाज वीस हजार, चाळीस हजार, एक ते दोन लाख असे पसरलेले आहेत.

ही तफावत तीन कारणांनी येते. नानजिंग म्हणजे तटबंदीच्या आतलं शहर, की आसपासचे सहा तालुके धरून सगळा मुलूख? काळ किती आठवड्यांचा धरायचा? आणि गणवेश टाकलेला, शस्त्र नसलेला सैनिक मारला गेला तर तो लढाईत मेला म्हणायचं की त्याचा खून झाला? उत्तर बदललं की आकडा बदलतो. भर म्हणून ऑगस्ट १९४५ मध्ये शरणागती ठरल्यावर जपानी लष्कराने आपले कागद पद्धतशीर जाळले.

एखाद्या गावाला पूर येतो, त्यात पंचायतीचं दप्तरही वाहून जातं. किती माणसं गेली यावर तलाठी एक सांगतो, गावकरी दुसरं, शेजारचं गाव तिसरं. हे भांडण वर्षानुवर्षं चालू शकतं. पण त्यावरून पूरच आला नव्हता असं कोणी म्हणू लागलं, तर त्याला पुराशी देणंघेणं नाही हे आपण ओळखतो. नानजिंगच्या बाबतीत तर दप्तर वाहून गेलं नाही, जाळलं गेलं, आणि ते जाळणाऱ्यांच्या बाजूचे लोकच आज विचारतात की कागद कुठे आहेत.

‘शहरात दोनच लाख लोक होते, मग तीन लाख मेले कसे’ हा प्रश्नही नेहमी येतो. दोन लाख ते अडीच लाख हा अंदाज मुख्यतः सुरक्षित विभागातल्या माणसांचा होता. त्यात शहर राखायला आलेलं सैन्य नव्हतं आणि आसपासच्या तालुक्यांतली खेडी नव्हती. तीन लाखांच्या आकड्यावर शंका घेता येते, मीही तो अंतिम मानत नाही. पण या प्रश्नाने तो खोडला जात नाही.

“मारले गेले ते सैनिक होते, नागरिक नव्हे”

बहुसंख्य बळी पकडलेले सैनिक किंवा सैनिक असल्याचा संशय असलेले पुरुष होते, हे बऱ्याच अंशी खरं आहे. प्रश्न असा की त्याने गुन्हा कमी होतो का. शरण आलेल्याला मारायचं नाही, हा नियम १९०७ च्या हेग करारात आहे आणि जपानने तो करार मान्य केला होता. साध्या कपड्यातला माणूस सैनिक आहे असा संशय असेल तर आधी चौकशी, मग खटला, मग शिक्षा. नानजिंगमध्ये यातलं काहीच झालं नाही.

इथे एक कागद बघायलाच हवा. नानजिंगवर चालून गेलेल्या १६ व्या डिव्हिजनचे प्रमुख केसागो नाकाजिमा रोजनिशी लिहीत असत आणि ती १९८४ मध्ये जपानमध्ये छापून आली. १३ डिसेंबरच्या नोंदीत ते लिहितात की कैदी ठेवायचे नाहीत असं साधारण धोरण आहे. पुढे अडचण सांगतात: सात-आठ हजार कैद्यांचा निकाल लावायला मोठा खंदक लागेल आणि तो सापडत नाही, तेव्हा शंभर-दोनशेच्या तुकड्या पाडून योग्य जागी नेऊन काम उरकावं. ही नोंद कुणा पकडलेल्या, छळलेल्या सैनिकाची नाही. ती एका लेफ्टनंट जनरलची आहे, त्याच दिवशीची, आणि एखाद्या बांधकामाची अडचण लिहावी तशा सुरात लिहिलेली आहे. ती पहिल्यांदा वाचल्यावर ‘काही बेशिस्त सैनिकांनी केलं असेल’ हे वाक्य माझ्या तोंडून पुन्हा निघू शकलं नाही.

“साक्षी खोट्या, पुरावे बनावट”

१९८४ मध्ये काइकोशा या जुन्या लष्करी अधिकाऱ्यांच्या संघटनेने आपल्या मासिकातून सभासदांना आवाहन केलं: तुम्ही नानजिंगला होतात, जे पाहिलं ते लिहून पाठवा. हत्याकांडाचा आरोप साक्षींनिशी धुऊन काढायचा, असा त्यामागचा हेतू होता. पत्रं आली. त्यांत काहींनी ‘आम्ही असं काही पाहिलं नाही’ लिहिलं. पण बरीच पत्रं अशी होती की ‘होय, कैद्यांना मारलं, मी तिथे होतो.’

संपादकांपुढे दोन वाटा होत्या. त्यांनी पत्रं दडवली नाहीत, मालिका छापत राहिले. मार्च १९८५ मध्ये समारोपाच्या लेखात संपादक कातोगावा यांनी लिहिलं, त्याचा आशय असा: बेकायदा मारलेल्यांची संख्या कोणी तीन ते सहा हजार काढतो, कोणी तेरा हजार, कोणतीही धरली तरी ती भयंकर आहे, आणि आपल्याला चिनी जनतेची मनापासून माफी मागण्यावाचून गत्यंतर नाही. हे आकडे इतर अभ्यासकांच्या तुलनेत फारच कमी आहेत. पण ज्यांनी ते काढले त्यांना घटना नाकारायची होती, आणि स्वतःच्या जुन्या सोबत्यांच्या अक्षरातली पत्रं हातात आल्यावर त्यांना ते जमलं नाही.

त्याच वर्षी दुसरी गोष्ट घडली. नानजिंग मोहिमेचे सेनापती इवाने मात्सुई यांचे एके काळचे सचिव मासाआकी तानाका यांनी मात्सुईंची रोजनिशी संपादित करून छापली होती, आणि हत्याकांड ही कपोलकल्पित गोष्ट असल्याचं ते सांगत होते. मूळ हस्तलिखिताशी ताडून पाहिल्यावर कळलं की तानाकांनी सुमारे ९०० ठिकाणी मजकूर बदलला होता, गाळला होता, घातला होता. हे उघड केलं योशिआकी इताकुरा यांनी. इताकुरा चीनच्या बाजूचे नव्हते. तीन लाखांचा आकडा त्यांना अजिबात मान्य नव्हता. पण कागदात केलेली फेरफार त्यांनी खपवून घेतली नाही.

शिया शुछिन यांचं प्रकरण तर थेट न्यायालयात गेलं. १३ डिसेंबर १९३७ ला सैनिक त्यांच्या घरात घुसले आणि घरातल्या नऊ जणांपैकी सात जणांना मारलं. सात-आठ वर्षांच्या शियाला संगिनीने भोसकलं होतं. ती आणि चार वर्षांची धाकटी बहीण प्रेतांच्या संगतीने कितीतरी दिवस त्या घरात तगून राहिल्या. मॅगींनी ही हकिगत तेव्हाच नोंदवली आणि ते घर चित्रित केलं. साठ वर्षांनी शुदो हिगाशिनाकानो या जपानी प्राध्यापकाने पुस्तकात लिहिलं की मॅगींच्या नोंदीतली ती मुलगी मेली होती, त्यामुळे आज साक्ष देणारी बाई ही कोणी दुसरीच. शियांनी दावा लावला. नोव्हेंबर २००७ मध्ये तोक्योच्या जिल्हा न्यायालयाने निकाल दिला की लेखकाने मूळ कागदाचा लावलेला अर्थ तर्काला धरून नाही आणि त्याला संशोधन म्हणता येणार नाही. लेखक आणि प्रकाशकाला भरपाई द्यावी लागली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. न्यायाधीश जपानी, कायदा जपानी, आणि शियांच्या बाजूने उभे राहिलेले वकीलही जपानी.

काही छायाचित्रांखाली चुकीच्या ओळी छापल्या गेल्या आहेत, इतर ठिकाणचे फोटो नानजिंगचे म्हणून वापरले गेले आहेत, हे खरं आहे आणि ते दाखवून देणाऱ्यांचं काम चांगलंच आहे. पण ही घटना फोटोंवर उभी नाही. फुकुशिमा भागातल्या एका रासायनिक कारखान्यातले कामगार केंजी ओनो वर्षानुवर्षं, कामाच्या पाळ्या सांभाळून, आपल्याच भागातून नानजिंगला गेलेल्या जुन्या सैनिकांच्या घरी जात राहिले आणि त्यांच्या रोजनिशा गोळा करत राहिले. १६ आणि १७ डिसेंबरला यांगत्झीच्या काठी हजारो कैद्यांना कसं मारलं, ते त्या रोजनिशांत वेगवेगळ्या माणसांनी, एकमेकांना न विचारता, लिहून ठेवलेलं आहे.

पाठ्यपुस्तकांत काय शिकवतात?

जपानमध्ये पाठ्यपुस्तकं खासगी प्रकाशक काढतात, शिक्षण मंत्रालय ती तपासून मंजुरी देतं आणि स्थानिक मंडळं त्यांतलं एक निवडतात. भांडण होतं ते मधल्या पायरीवर. इतिहासकार साबुरो इएनागा युद्धकाळात शिक्षक होते. डोळ्यांदेखत विद्यार्थी युद्धावर गेले आणि आपण गप्प राहिलो, ही बोच त्यांना जन्मभर होती. मंत्रालयाने पुस्तकातले उल्लेख सौम्य करायला सांगितलं, तेव्हा त्यांनी १९६५ मध्ये सरकारवर खटला भरला. मग दुसरा, मग १९८४ मध्ये तिसरा. तिसऱ्यात नानजिंगही होतं आणि ‘७३१ वं पथक’ही. हे हार्बिनजवळचं लष्करी पथक माणसांवर प्लेग, पटकी अशा रोगांचे प्रयोग करत असे. बत्तीस वर्षांनी, २९ ऑगस्ट १९९७ ला, शेवटचा निकाल लागला. पुस्तक तपासण्याची पद्धत घटनाबाह्य नाही, असं सर्वोच्च न्यायालय म्हणालं. इएनागांचा मुख्य मुद्दा हरला. पण ७३१ व्या पथकाचा उल्लेख काढायला लावणं बेकायदा होतं असंही म्हणालं. नानजिंगबाबत मंत्रालयाने घेतलेली हरकत उच्च न्यायालयाने आधीच चूक ठरवली होती.

अत्याचारांवर पांघरूण घालणारं एक पुस्तक २००१ मध्ये मंजूर झालं आणि चीन, कोरियात संतापाची लाट उसळली. पण स्थानिक मंडळांनी ते घेतलंच नाही; त्या वर्षी हजारात एका विद्यार्थ्याच्याही हाती ते पडलं नाही. त्याच विचाराच्या पुढच्या पुस्तकाचा वाटा काही टक्क्यांपर्यंत चढला आणि पुन्हा घसरला. तेव्हा ‘जपानी मुलांना काहीच शिकवत नाहीत’ हे खरं नाही. मात्र बहुतेक पुस्तकांत नानजिंगला एक-दोन वाक्यं मिळतात, आणि २०१४ च्या नियमांनंतर आकड्याबद्दल एकमत नाही हे आवर्जून लिहावं लागतं. घटना राहते, तिचं वजन उतरतं.

“माफी तर मागितली ना?”

मागितली. १५ ऑगस्ट १९९५ ला पंतप्रधान तोमिइची मुरायामा यांनी जपानच्या वसाहतवादी राजवटीने आणि आक्रमणाने आशियातल्या लोकांना यातना दिल्याचं मान्य करून मनापासून माफी मागितली. नंतरच्या पंतप्रधानांनी ते निवेदन मोडीत काढलं नाही. मुरायामा स्वतः १९९८ मध्ये नानजिंगच्या स्मारकाला भेट देऊन आले.

माफी टिकत नाही ती यासुकुनीमुळे. तोक्योतल्या या शिंतो देवस्थानात युद्धांत मेलेल्या सुमारे २५ लाख जपान्यांचे आत्मे पूजले जातात. १९७८ मध्ये तिथल्या पुजाऱ्यांनी गाजावाजा न करता तोक्यो खटल्यातल्या १४ मुख्य आरोपींची नावं त्यांत घातली. सम्राट हिरोहितो त्यानंतर कधी तिथे गेले नाहीत. मंत्री आणि काही पंतप्रधान मात्र गेले. कोइझुमी २००१ ते २००६ दरवर्षी, आबे २०१३ मध्ये.

त्या १४ नावांत इवाने मात्सुई आहेत. फाशीआधी त्यांनी तुरुंगातल्या बौद्ध धर्मगुरूंना सांगितलं होतं की नानजिंगच्या प्रकाराबद्दल आपण अधिकाऱ्यांना बोलावून रागाने, रडत सुनावलं, तर ते हसले. म्हणजे ज्या सेनापतीला ‘खोट्या आरोपाचा बळी’ म्हणून पूजलं जातं, त्याने स्वतः तो आरोप खोटा म्हटलेला नाही.

सगळ्यांना सारखा न्याय मिळाला नाही, हेही तितकंच खरं. नानजिंगमध्ये शिरलेल्या सैन्याचे प्रमुख राजपुत्र आसाका राजघराण्यातले म्हणून त्यांच्यावर खटलाच झाला नाही. ७३१ व्या पथकाचे शिरो इशिई यांना अमेरिकेने प्रयोगांची माहिती मिळवण्यासाठी सोडून दिलं. युद्धगुन्हेगार असल्याच्या संशयावरून तुरुंगात गेलेले, पण खटला न चालताच सुटलेले नोबुसुके किशी १९५७ मध्ये पंतप्रधान झाले. शीतयुद्धात अमेरिकेला जपान हवा होता. हिशेब अर्धवट राहिला, त्यात तिचाही हात आहे.

“चीन याचं राजकारण करतो”

करतो. माओच्या काळात चिनी सरकार नानजिंगबद्दल फारसं बोलत नव्हतं. १९७२ मध्ये संबंध जुळले तेव्हा चीनने युद्धाची भरपाई सोडून दिली. स्मारक उभं राहिलं १९८५ मध्ये, राष्ट्रीय स्मृतिदिन ठरला २०१४ मध्ये. आकड्याबद्दल तिथे खुलेपणाने बोलता येत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये शांघायमधल्या एका शिक्षिकेने वर्गात त्यावर शंका घेतली म्हणून तिची नोकरी गेली. स्वतःच्या राजवटीतल्या १९५९ ते १९६१ च्या दुष्काळाचे किंवा तिआनमेनचे मृत्यू तिथे मोजू दिले जात नाहीत. हे सगळं चिनी सरकारच्या खाती जमा होतं. शिया शुछिनच्या घरातल्या सात माणसांच्या मृत्यूला त्याने काहीच बाध येत नाही.

“आपल्या न्यायमूर्ती पालांनी तर जपानला निर्दोष ठरवलं”

हा निरोप भारतात वर्षानुवर्षं फिरतो, म्हणून जरा थांबू. तोक्यो खटल्यातले भारतीय न्यायाधीश राधाबिनोद पाल यांनी सगळ्या आरोपींना दोषमुक्त करावं असा वेगळा निकाल लिहिला. त्यांचा आधार कायद्याचा होता: घटना घडल्यानंतर केलेला कायदा मागे लावता येत नाही, आणि या पुढाऱ्यांनी कट रचल्याचं सिद्ध झालेलं नाही. पण त्याच निकालपत्रात ते स्पष्ट सांगतात की जपानी सैनिकांनी अत्याचार केल्याचा पुरावा भक्कम आहे आणि नानजिंगमधलं त्यांचं वर्तन क्रूर होतं. २००५ मध्ये यासुकुनीत पालांचं स्मारक उभारलं गेलं. तिथे जाणाऱ्या कितीजणांना निकालपत्रातली ही पानं ठाऊक असतील, याची मला शंका आहे.

जपानने नेताजींना साथ दिली, म्हणून आपण गप्प बसावं असंही म्हणतात. अंदमान जपानच्या ताब्यात असताना ३० जानेवारी १९४४ ला होमफ्रेगंज इथे हेरगिरीच्या संशयावरून ४४ भारतीयांना गोळ्या घातल्या गेल्या, तेही जपानी सैन्यानेच. आणि महाराष्ट्राला या युद्धाची आठवण वेगळी करून द्यायची गरज नसावी. सप्टेंबर १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, त्यांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे चोळकर होते. त्याच जपानी सैन्याशी लढताना जखमी झालेल्यांवर शस्त्रक्रिया करता करता कोटणीस ९ डिसेंबर १९४२ ला चीनमध्येच गेले.

“आता उकरून काय मिळणार?”

भरपाई नाही मिळणार. जपानी लष्कराने चीनमध्ये केलेल्या रोगजंतूंच्या हल्ल्यांत बळी पडलेल्यांच्या नातेवाइकांना तोक्योच्या न्यायालयाने २००२ मध्ये सांगितलं की घटना घडल्या हे खरं, पण पैसे मागता येणार नाहीत. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चीनने भरपाई सोडून दिली त्या १९७२ च्या चीन-जपान संयुक्त निवेदनाकडे बोट दाखवून असे सगळे दावे बंद केले.

पण उकरणारे थांबलेले नाहीत. शिगा वैद्यकीय विद्यापीठातले निवृत्त प्राध्यापक कात्सुओ निशियामा यांच्या मागणीवरून जपानच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने २०१८ मध्ये ७३१ व्या पथकातल्या ३,६०७ जणांची नावं खुली केली. निशियामा आणि त्यांचे सहकारी मग क्योतो विद्यापीठाकडे गेले. त्या पथकातल्या एका डॉक्टरला या विद्यापीठाने प्लेगवरच्या प्रबंधासाठी पदवी दिली होती. प्रयोग माकडावर केल्याचं प्रबंधात लिहिलं आहे, आणि त्या माकडाने डोकं दुखत असल्याची तक्रार केली, असंही लिहिलं आहे. डोकं दुखतं हे माकड सांगू शकत नाही, तेव्हा तो माणूस होता का याची चौकशी करा, अशी मागणी झाली. प्रयोगाच्या वह्या उपलब्ध नाहीत, त्यामुळे पडताळता येत नाही, असं २०१९ मध्ये विद्यापीठाने उत्तर दिलं. पदवी परत घेतली गेली नाही, आणि निशियामांनी ते उत्तर मान्य केलेलं नाही.